पाटी हरवलेली झाडं: लॉस एंजेलिसच्या कॅमेलिया बागांत व्हॉलंटियर व्हायचं असेल तर

हिवाळा लागला की लॉस एंजेलिसकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून एक विचारणा हमखास येते. डेस्कान्सो गार्डन्स किंवा हंटिंग्टनच्या बागेत झाडांवर काम करणारे व्हॉलंटियर असतात, तिथे आपल्याला घेतात का? आणि घेतलंच तर करायचं काय? बहुतेकजणी डिपेंडंट व्हिसावर आलेल्या असतात, काहीजण निवृत्त होऊन मुलांकडे आलेले. घेतात. वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. गुडघे बऱ्यापैकी शाबूत हवेत आणि ‘मला माहीत नाही’ असं कागदावर लिहायची तयारी हवी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते.

कॅमेलिया आपल्याकडे महाराष्ट्रात फारसा दिसत नाही, पण त्याच्याशी आपली रोज सकाळी गाठ पडते. चहाचं झुडूपही कॅमेलियाच, कॅमेलिया सायनेन्सिस. इथल्या बागांतले कॅमेलिया फुलांसाठी लावलेले असतात. सावलीत वाढणारी, बारमाही हिरवी, चकचकीत पानांची झाडं, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत फुलणारी. नोंदणी झालेल्या वाणांची संख्या २०,०००च्या वर आहे. तेव्हा पाटी नसलेल्या झाडासमोर उभं राहून नाव ओळखणं म्हणजे काय काम असेल, याचा अंदाज घ्या.

पाट्या नसतात तरी का? डेस्कान्सोचंच उदाहरण घेऊ. मॅंचेस्टर बॉडी या वृत्तपत्रमालकाने १९३७ साली ही जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या कुटुंबांना घरंदारं आणि धंदे सोडून छावण्यांत जावं लागलं, तेव्हा उयेमात्सु यांच्या स्टार नर्सरीतला आणि योशिमुरा कुटुंबाच्या मिशन नर्सरीतला कॅमेलियांचा मोठा साठा बॉडींनी विकत घेतला आणि ओकच्या झाडांखाली लावला. १९४८ साली चीनच्या युन्नानमधून रेटिक्युलाटा जातीची झाडं कॅलिफोर्नियात आली, त्यातली काही इथे पोचली. १९५३ मध्ये बाग लॉस एंजेलिस काउंटीकडे गेली. एवढ्या हातांतून गेलेल्या झाडांच्या पाट्या हरवतात, अदलाबदल होतात, फांदीसकट मोडून पडतात. ज्यांनी ही झाडं वाढवली ते तर १९४२ लाच त्यांच्यापासून तुटले होते. म्हणून आज त्या झाडांचं नाव लावताना सैलपणा चालत नाही.

आता क्रमाने.

१. अर्जाआधी दोनदा बाग फिरून या

एकदा फुलांच्या हंगामात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि एकदा ऑगस्टमध्ये. ऑगस्टची फेरी महत्त्वाची. फुलं नसताना, उकाड्यात, नुसत्या हिरव्या झुडपांमध्ये तुमचं मन रमतंय का ते तेव्हाच कळतं. हंटिंग्टनच्या संग्रहात सुमारे ८० जाती आणि १,२०० वाण आहेत, पाट्या बऱ्याच चांगल्या आहेत, म्हणून डोळ्याला वळण लावायला ती बाग उत्तम. डेस्कान्सोचं वैशिष्ट्य वेगळं: ओकच्या जंगलात उंच वाढलेले जुने कॅमेलिया.

अर्ज उन्हाळ्याच्या शेवटी करा. अर्ज, मुलाखत, ओळखसत्र यात आठवडे जातात, आणि ससान्क्वा या लवकर फुलणाऱ्या कॅमेलियाची फुलं ऑक्टोबरात सुरू होतात. जानेवारीत अर्ज केलात तर हंगाम निघून गेल्यावर बोलावणं यायचं.

मुलाखतीत ‘मला फुलं खूप आवडतात’ हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा आठवड्यातला कुठला वार, किती तास आणि किमान किती महिने येऊ शकाल ते सांगा. भारतवारीच्या तारखा आधीच सांगून टाका. डिसेंबर-जानेवारीत आपण सगळे पुण्या-मुंबईला पळतो, आणि नेमका तोच कॅमेलियाचा ऐन हंगाम असतो.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

मी वकील नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून वाचा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. काम करण्याची परवानगी नसलेल्या व्हिसावर खऱ्या अर्थाचं सेवाकाम सहसा चालतं: संस्था ना-नफा किंवा सार्वजनिक हवी, मोबदला नको, पुढे नोकरी देण्याचा वायदा नको, आणि पगारी माणसाची जागा तुम्ही फुकटात भरताय असं नको. खासगी नर्सरीत ‘शिकायला म्हणून’ फुकट काम करणं यात बसत नाही. भत्ता, गिफ्ट कार्ड, कामाच्या बदल्यात रोपं असं काही देऊ केलं तर घेण्याआधी विचारा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- फोटो असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स)
- पत्ता आणि आणीबाणीत फोन करायचा माणूस, शक्यतो याच शहरातला
- ओळखीच्या दोघांची नावं, नातेवाईक सोडून
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं त्याची तारीख
- १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही

शिवाय जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही घेतात. लहान मुलांचे कार्यक्रम होणाऱ्या ठिकाणी बोटांचे ठसे द्यावे लागू शकतात, त्याला इथे ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणतात. फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबर विचारला आणि तुमच्याकडे नसेल तर रकाना रिकामा सोडून को-ऑर्डिनेटरला सांगा. नवऱ्याचा नंबर टाकू नका. हे लिहावं लागतंय कारण लोक टाकतात.

३. सोबत काय न्यायचं

बाग अवजारं देते, पण हातमोजे आणि सिकेटर स्वतःचे बरे. सिकेटर कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जाणारी घ्या. वरून दाबणारी घेऊ नका, त्याने कोवळी फांदी चेचते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती पुसायला ७० टक्क्यांचं अल्कोहोल. गुडघ्याखाली घालायला जाड फोमची गादी. लांब बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट.

ओळख पटवण्याच्या कामासाठी वेगळी पिशवी ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली पट्टी, पेन्सिल (शाई दवाने पसरते), कागदी पिशव्या आणि अंड्यांचं रिकामं खोकं. तोडलेलं फूल खोक्यात एकेका खणात ठेवलं की पाकळ्या दुमडत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या लवकर तपकिरी पडतात.

आणि आजूबाजूला नजर असू द्या. ही डोंगराच्या पायथ्याची जागा आहे. गरम दिवसात रॅटलस्नेक दगडांवर आणि पालापाचोळ्यात असतो, जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. पॉइझन ओकची तीन-तीन पानं ओळखायला पहिल्याच दिवशी शिकून घ्या, त्याची खाज आठवडाभर सोडत नाही.

४. पहिला हंगाम: खाली पडलेली फुलं

नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते पडलेली फुलं उचलायचं. हिरमुसून जाऊ नका. कॅमेलियाच्या बागेत याहून महत्त्वाचं काम क्वचितच असेल.

कारण पेटल ब्लाइट नावाची बुरशी, सायबोरिनिया कॅमेली. जपानमध्ये तिची पहिली नोंद १९१९ सालची, कॅलिफोर्नियात ती १९३८ साली सापडली. ती पानाला, खोडाला काही करत नाही, फक्त फुलं नासवते. रोगट फूल जमिनीवर पडलं की त्याच्या बुडाशी काळा, टणक गोळा तयार होतो. तो मातीत काही वर्षं पडून राहतो. हिवाळ्यात दमट हवा मिळाली की त्यातून इवल्याशा तपकिरी छत्र्या उगवतात, त्यातले बीजाणू वाऱ्याने उडून वरच्या ताज्या फुलांवर बसतात. ही साखळी हाताने तोडता येते ती एकाच जागी: फूल जमिनीवर पडल्यावर आणि गोळा मातीत मिसळण्याआधी.

फूल तपकिरी दिसलं म्हणजे ब्लाइट असं नाही. ऊन, पाऊस, थंडी, नुसतं वय, कशानेही पाकळी करपते. तपासायची रीत अशी: फूल उलटं धरा आणि बुडाशी असलेले खवले अंगठ्याने सोलून काढा. पाकळ्या जिथे जोडलेल्या असतात तिथे पांढुरकं-करडं कडं दिसलं तर ब्लाइट. कडं नसेल आणि पाकळीच्या फक्त कडा करपल्या असतील तर बहुधा हवामान. वर राखाडी लव असेल तर ती बॉट्रायटिस नावाची दुसरीच बुरशी. पाकळीच्या शिरा आजूबाजूपेक्षा गडद होऊन जाळी उमटणं, ही ब्लाइटची आणखी एक खूण.

उचललेली फुलं कचऱ्याच्या बंद पिशवीत जातात, खताच्या ढिगात नाही. सकाळी परडी घेऊन फुलं वेचायची सवय असलेल्या हाताला हे काम पटकन जमतं, पण ती फुलं देवाला म्हणून घरी नेऊ नका. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगणात कॅमेलिया असेल तर रोगही घरपोच जाईल. झाडावरचं फूल तर परवानगीशिवाय तोडायचंच नाही, गळ्यात व्हॉलंटियरचा बिल्ला असला तरी.

५. निगा: हात राखून

कॅमेलियाची मुळं वरवर असतात. खोडाजवळ खुरप्याने माती उकरणं ही आपल्याकडची चांगली सवय इथे नुकसान करते. तण हाताने उपटा, आळं करू नका. पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकलेला ओला पाला खोड कुजवतो.

पाण्याचं प्रकरण इथे नाजूक आहे. कॅमेलियाला ओलावा हवा आणि वरचा ओक उन्हाळ्यात बुंध्याशी पाणी सहन करत नाही. दोघांचा संसार एकाच जमिनीत चाललेला असतो. त्यामुळे झाड कोमेजलेलं दिसलं तरी स्वतःहून नळी ओढू नका, कळवा. इथल्या नळाचं पाणी अल्कधर्मी आणि क्षारांचं, कॅमेलियाला माती आम्लधर्मी लागते. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. पानांची टोकं करपली तर बहुतेक वेळा क्षार साठलेत. दोन्ही वेळा तुमचं काम झाडाचा क्रमांक आणि फोटो देण्यापुरतं. औषध आणि खत बागेचे लोक ठरवतात.

पानांवर काजळी दिसली तर वर पाहा: मावा किंवा खवले कीड असते, आणि तिच्या गोड चिकट रसासाठी मुंग्यांची रांग लागलेली असते. मुंग्या दिसल्या की कळवा, निम्मं निदान तिथेच होतं.

छाटणी फुलं संपल्यावर आणि नवी पालवी फुटण्याआधी. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात. सप्टेंबरात झुडूप ‘नीटनेटकं’ केलंत तर हिवाळ्याची फुलं कचऱ्यात गेली म्हणून समजा. आणि ज्याची ओळख पटलेली नाही त्या झाडाला कात्री लावायची नाही. त्यावरची एखादी वेगळी फांदीच पुढे पुरावा ठरू शकते, ते खाली येईलच.

६. नावाच्या आधी जागा

बहुतेक बागांत हंगामभर काम केल्यावर ओळख पटवणाऱ्या गटात जायची संधी मिळते. तिथे पहिल्या दिवशी सगळ्यांना नावाची घाई असते. थांबा. झाड नेमकं कुठलं, हे आधी पक्कं करायचं.

प्रत्येक झाडाला नोंद क्रमांक असतो किंवा द्यायचा असतो. नाव बदलू शकतं, क्रमांक बदलत नाही. फोनमधलं जीपीएस ओकच्या दाट सावलीत काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि तेवढ्यात तीन कॅमेलिया मावतात. म्हणून दोन न हलणाऱ्या खुणांपासून टेपने अंतर घ्या: बाकाचा कोपरा, दिव्याचा खांब, वाटेची कड. ओकचा बुंधा खूण म्हणून धरू नका, ओकही पडतात.

मग जुनी पाटी शोधा. ॲल्युमिनियमची पट्टी सालीत अर्धी गिळली गेलेली असते, पाचोळ्याखाली असते किंवा मोडलेल्या फांदीबरोबर शेजारच्या झाडाखाली जाऊन पडलेली असते. सापडली तर फोटो काढा, जागा लिहा आणि होती तिथेच ठेवा. फांदीला करकचून आवळलेली तार दिसली तर मात्र सांगून सैल करा, ती फांदीचा गळा घोटते.

सापडलेली पाटी हा पुरावा आहे, निकाल नाही. मुलं पाट्या काढून खेळतात, माळी छाटणीच्या वेळी काढून ठेवतो आणि परत लावताना शेजारच्या झाडाला लावतो.

७. फुलाची नोंद

आधी जात. इथे तीनच मोठ्या गटांशी मुख्य गाठ पडते.

ससान्क्वा: पानं लहान, कोवळ्या फांदीवर भिंगातून बारीक लव दिसते, शरद ऋतूत फुलतं, बऱ्याचदा सुवास, आणि पाकळ्या सुट्या सुट्या गळतात. जापोनिका: पानं मोठी, गडद, चकचकीत, फांदी गुळगुळीत, फूल बहुतेकदा आख्खंच्या आख्खं खाली पडतं. रेटिक्युलाटा: पान जाड, निस्तेज, शिरांची जाळी उठून दिसणारी, झाड विरळ आणि उंच, फूल भलं मोठं, आणि फुलाच्या आतला अंडाशय लवदार. जापोनिकाचा अंडाशय गुळगुळीत असतो. संकरित वाण यांच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि डोकं खातात.

मग फुलाची घडण. अमेरिकेत सहा प्रकार मानतात. सिंगल म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ. सेमी-डबल म्हणजे दोन किंवा जास्त ओळी आणि मध्ये पुंकेसर स्पष्ट. ॲनिमोनमध्ये बाहेर सपाट मोठ्या पाकळ्या आणि मध्ये छोट्या पाकळ्या-पुंकेसरांचा फुगीर गड्डा. पिओनी म्हणजे सगळंच भरगच्च आणि अस्ताव्यस्त. रोज फॉर्म डबलमध्ये पाकळ्या एकावर एक रचलेल्या, पूर्ण उमलल्यावर मध्ये पुंकेसर दिसतात. फॉर्मल डबलमध्ये ते शेवटपर्यंत दिसत नाहीत. शेवटच्या दोघांची गल्लत नवखा माणूस हमखास करतो: अर्धवट उमललेलं रोज फॉर्म हुबेहूब फॉर्मल डबल दिसतं. कोमेजायला आलेलं फूल शोधा, ते खरं बोलतं.

आकाराचे टप्पे इंचात आहेत: अडीचपर्यंत मिनिएचर, अडीच ते तीन लहान, तीन ते चार मध्यम, चार ते पाच मोठं, पाचच्या वर फार मोठं. झाडावरचं सर्वांत देखणं फूल मोजू नका. पाच-सहा मोजा आणि सरासरी काढा. प्रदर्शनातल्या फुलांवरून आकार ठरवू नका, कारण तिथल्या पुष्कळ फुलांच्या कळ्यांना जिबरेलिक ॲसिडचा थेंब दिलेला असतो, त्याने फूल लवकर आणि मोठं येतं.

रंग सावलीतल्या उजेडात, डोळ्याने पाहून लिहा. फोन गुलाबीला लाल आणि लालला भगवा करतो.

फोटोंचा संच ठरलेला ठेवा: फूल समोरून पट्टीसह, बाजूने, मागून, कळी, पान दोन्ही बाजूंनी, आख्खं झाड, पाटी. ‘मागून’ला लोक कंटाळतात. पण बॉडींच्या पत्नीच्या नावाचा ‘बेरेनिस बॉडी’ हा १९४६ सालचा वाण घ्या. समोरून पाहिलं तर फिक्या गुलाबी सेमी-डबल फुलांच्या गर्दीतलं आणखी एक. पाकळ्या उलट्या करून पाहा, खालची बाजू ठळकपणे गडद गुलाबी. ही खूण समोरून काढलेल्या फोटोत येत नाही, आणि नेमकी तीच उपयोगाची.

एकाच झाडाकडे हंगामात तीनदा तरी जा. पहिलं फूल कधी, भर कधी, शेवट कधी, हे तीन आकडे अर्धी नावं बाद करतात.

८. नाव शोधणं

फोनमधलं ॲप ‘कॅमेलिया जापोनिका’ म्हणेल आणि थांबेल. तिथवर तुम्ही त्याच्याशिवायही पोचला होता.

खरी साधनं दोन. एक, इंटरनॅशनल कॅमेलिया सोसायटीचं जागतिक रजिस्टर, ते ऑनलाइन मोफत पाहता येतं. दोन, सदर्न कॅलिफोर्निया कॅमेलिया सोसायटीची ‘कॅमेलिया नॉमेनक्लेचर’ ही वाणांची सूची, तिच्यात प्रत्येक वाणाचं थोडक्यात वर्णन, आकार आणि हंगाम असतो. आपल्या नोंदीवरून तीन-चार उमेदवार काढा आणि मग कसून बाद करत जा. पान जुळत नाही, बाद. फेब्रुवारीत फुलतो आणि आपला नोव्हेंबरात फुलला, बाद.

शेवटी एखादा उरला तरी त्याच वाणाचं खात्रीचं जिवंत झाड दुसऱ्या बागेत पाहा. छापील फोटोवर शिक्कामोर्तब करू नका. हिवाळ्यातल्या कॅमेलिया प्रदर्शनांत जुनी जाणकार मंडळी भेटतात. फूल दोन-तीन पानांसह न्या आणि ‘हे अमुक आहे का?’ असं न विचारता ‘हे काय वाटतं?’ असं विचारा. नाव सुचवलंत की समोरचा भिडेखातर मान डोलावतो.

इथे घोडं पेंड खातं ते चार ठिकाणी.

एकाच वाणाला अनेक नावं. अमेरिकेत ‘पिंक परफेक्शन’ म्हणून अंगणोअंगणी असलेला छोटा गुलाबी फॉर्मल डबल जपानचा ‘उसु-ओतोमे’ आहे, आणि जर्मनीत तोच ‘फ्राउ मिना झायडल’ झाला. ‘डोंकेलारी’ आणि ‘मासायोशी’ एकच. कुठलं नाव ग्राह्य ते रजिस्टर सांगतं. स्पेलिंगही रजिस्टरप्रमाणेच ठेवा, इटालियन किंवा जपानी येतं म्हणून घरच्या घरी दुरुस्त्या नकोत. स्वतःच्या वहीत देवनागरीत खुशाल लिहा, जपानी नावं आपल्या लिपीत छान बसतात, पण बागेच्या यादीत रजिस्टरमधलं रोमन रूप.

स्पोर्ट, म्हणजे झाडाच्या एखाद्या फांदीवर आपोआप झालेला बदल. ‘एलेगन्स’ हा लंडनच्या चँडलर नर्सरीतला एकोणिसाव्या शतकातला गुलाबी ॲनिमोन. त्याच्यापासून ‘सी. एम. विल्सन’ हा फिका गुलाबी निघाला, त्याच्यापासून ‘शिरो चान’ हा पांढरा. या घराण्यातलं झाड कधीकधी एका फांदीवर आजोबांचं फूल दाखवतं. अशी फांदी दिसली की तिचा वेगळा फोटो काढा. कात्री आवरायला सांगितलं ते याचसाठी.

लाल किंवा गुलाबी फुलावरचे पांढरे डाग. पुष्कळ वेळा हे विषाणूमुळे असतात, आणि कलम करताना मुद्दामही दिले जातात. एकाच वाणाचं साधं आणि डागाळलेलं, दोन्ही झाडं बागेत असू शकतात. डाग दरवर्षी कमीजास्त होतात, त्यांच्या आकारावरून काही ठरवू नका.

चौथं, कलमाचं खुंट. रेटिक्युलाटा बहुधा दुसऱ्या कॅमेलियाच्या खुंटावर बांधलेला असतो. वरचा भाग मेला आणि खुंट फुटून वाढला तर पाटी रेटिक्युलाटाची, फूल भलत्याचं. बुंध्याशी कलमाचा सांधा दिसतो का आणि फांदी त्याच्या खालून निघाली का, ते वाकून पाहा.

९. खात्री किती, तेही लिहा

नोंदीत नावापुढे तीनपैकी एक शेरा हवा: खात्रीचं, बहुधा, अज्ञात. ‘खात्रीचं’ तेव्हाच, जेव्हा वर्णन, हंगाम आणि जिवंत नमुना तिन्ही जुळतात आणि गटातल्या दुसऱ्या कुणीतरी तुमचं नाव न बघता तेच नाव काढलेलं असतं. बाकी सगळं ‘बहुधा’. आणि जुन्या बागांत बियांपासून उगवलेली, कुणीच कधी नाव न दिलेली झाडंही असतात. त्यांचं नाव कुठल्याच सूचीत सापडणार नाही, कितीही हिवाळे घाला. तिथे ‘अज्ञात’ हेच बरोबर उत्तर आहे.

मी यावर एवढी अडून बसते कारण चुकीची पाटी कोऱ्या पाटीपेक्षा वाईट. कोरी पाटी पाहून पुढचा माणूस शोध घेतो. चुकीची पाटी पाहून तो फोटो काढतो, फांदी नेतो, कलम करतो, आणि तीच चूक चार बागांत पोचते. गटात कुणी ज्येष्ठ छातीठोकपणे नाव सांगत असतील तर वाद घालू नका. त्यांचं मत तारखेसह लिहा, शेरा ‘बहुधा’ ठेवा. ‘काका म्हणाले’ हाही पुरावा आहे, फक्त तो तेवढाच आहे.

१०. उन्हाळ्यातलं काम

एप्रिलनंतर गर्दी ओसरते. फोटोंना नोंद क्रमांकाने नावं द्या, ‘गुलाबी मोठं २’ अशी नाही. वहीतल्या नोंदी बागेच्या यादीत चढवा. नव्या पाट्या जाड बाजूच्या फांदीला सैल तारेने लावल्या जातात, शेंड्याला कधीच नाही, शेंडा छाटणीत जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये नवी फूट किंचित कडक झाली की छाट कलमं घेतात. बाग ही कलमं मुख्यतः म्हाताऱ्या, एकुलत्या झाडांची घेते. प्रत्येक काडीसोबत आईझाडाचा नोंद क्रमांक जायला हवा, नुसतं नाव नाही. उद्या आईझाडाचं ‘बहुधा’ बदललं तर पिल्लांच्या पाट्याही त्याच क्रमांकावरून शोधून बदलता येतात. कलमाच्या ट्रेमध्ये पाटी मातीत खोचली असेल तर क्रमांक कुंडीच्या बाहेरच्या बाजूलाही पेन्सिलीने लिहा. खारी पाट्या पळवतात.